गिअर टाकला की पट्टी विझली पाहिजे : सांगलीतल्या पोरांना एका वायरमनचं खुलं पत्र

सांगली, मिरज, कुपवाड आणि आसपासच्या गावांतल्या, गाडीला लायटिंग करून घेणाऱ्या तमाम पोरांनो,

परवा एक जण पिशवीतून लायटिंगचा सेट घेऊन दुकानात आला. एलईडीच्या आठ पट्ट्या, रिमोट, मोबाइलवर चालणारा कंट्रोलर आणि मूठभर झिप टाय. घरपोच मागवलेला. म्हणाला, "मिस्त्री, इंजिनखाली दोन, टाकीखाली दोन, मडगार्डला दोन, उरलेल्या दोन नंबर प्लेटभोवती. गाडी पळताना रंग बदलत गेला पाहिजे. विषय हार्ड!" मी म्हटलं, सहा लावतो, प्लेटभोवतीच्या दोन लावत नाही, आणि गाडी पळताना त्या सहांतली एकही पेटणार नाही. त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्याच्या गाडीला कासरा बांधायला निघालोय. पिशवी उचलली आणि गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्याच दुकानावरनं निळा-जांभळा होत गेला. जाताना हॉर्नपण दिला.

राग नाही त्याचा. पण त्याला दुकानात जे सांगायचं होतं ते सांगायचं राहिलं, म्हणून हे पत्र. शंभर फुटी रोडला गेली चोवीस वर्षं मी गाड्यांचं वायरिंग करतोय. २०१९च्या महापुरात पाण्याखाली राहिलेल्या गाड्यांचे कप्लर, म्हणजे वायरी जोडायचे प्लास्टिकचे डबे, एकेक करून उघडलेत, आत हिरवा बुरा धरलेला. तांब्याची तार पाण्यात काय होते आणि उन्हात काय होते, हे माझ्या नखांना माहीत आहे.

आधी एक गोष्ट मिटवून टाकू. "म्हाताऱ्याला नवीन काही बघवत नाही" असं म्हणणार असाल तर म्हणू नका. खंडेनवमीला गाडी धुऊन तिला झेंडूचा हार घालणारी आपण माणसं. तुमच्या आज्यानं बेंदराला बैलाची शिंगं रंगवली, गोंडे बांधले, अंगावर झूल टाकली, आणि गावातनं वाजतगाजत मिरवला. तुम्ही टाकीखाली निळा दिवा लावता त्यात आणि त्या गोंड्यात मला काही फरक दिसत नाही. आपलं जनावर चारचौघांत उठून दिसावं, एवढीच हौस. फक्त तुमच्या आज्याला एक गोष्ट कळत होती. बेंदूर झाला की झूल उतरवून घडी घालून ठेवायची. झूल घालून बैल औताला कुणी जुंपला नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. गाडी उभी असताना पाहिजे तेवढी नटवा. चाक फिरायला लागलं की सजावटीचा एकही दिवा पेटता नको.

हे मला शहाणपणानं सुचलेलं नाही. माझ्याच हातची एक चूक आहे त्यामागं.

काही वर्षांपूर्वी एका ओळखीच्या पोराच्या गाडीला मी पट्ट्या लावल्या. गणपतीची घाई, दुकानात गर्दी, मिरजेच्या मिरवणुकीला जायचं म्हणून तो डोक्यावर उभा. हेडलाइटच्या भांड्यात इग्निशनची वायर मिळाली, तिथंच सोलून जोड मारला, वर टेप गुंडाळली, पट्टी पेटली. वीस-तीस रुपयांचा फ्यूज होल्डर मधे टाकायचा राहिला. राहिला म्हणजे टाकला नाही. त्या मिरवणुकीत गाडी छान दिसली म्हणे.

पुढं उसाचा हंगाम सुरू झाला. रात्री तो अंकलीच्या पुलाकडनं येत होता, पुढं दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर. वळणावर हँडल फिरवलं आणि गाडी एका झटक्यात मेली. हेडलाइट गेला, टेललाइट गेला, हॉर्न गेला, इंजिनही बंद. त्या गाडीचं सगळंच बॅटरीवर, मेन फ्यूज उडाला की सगळंच जातं. काळाकुट्ट अंधार, पुढं बिनदिव्याची ट्रॉली, मागनं येणाऱ्याला हा दिसत नाही. तो ब्रेक मारून साइडपट्टीवर उतरला आणि पडला. मनगट मोडलं. एवढ्यावर निभावलं.

गाडी टेम्पोतनं माझ्याकडंच आली, कारण काम माझं होतं. हँडलखालची नळी असते ना, फ्रेमचा गळा, तिथं मी ओढलेली वायर होती. हँडल डावीकडं वळलं की ती गळ्याच्या धातूवर घासायची. रोज थोडी. वरचं प्लास्टिक झिजून कडेला मेणासारखं पातळ झालेलं, आणि एका जागी तांदळाच्या दाण्याएवढं तांबं उघडं. शेजारी फ्रेमच्या रंगावर काळा ठिपका. बाकी गाडी ठणठणीत. तो ठिपका मी अंगठ्यानं पुसायला गेलो, पुसला गेला नाही.

फ्यूज पट्टीच्या वाटेवर असता तर पट्टी विझली असती, पोरगं घरी गेलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी "मिस्त्री, लाइट बंद पडली" म्हणून माझ्यावर वैतागला असता.

म्हणून आता थोडं वायरिंगचं. कंटाळा करू नका, पैसे तुमचेच जातात.

पट्टीच्या खोक्यावर १२ व्होल्ट लिहिलेलं असतं. गाडीची बॅटरीपण १२ व्होल्टची, म्हणून जोडी जमली असं वाटतं. पण इंजिन चालू झालं की गाडी बॅटरीला १४, साडेचौदा व्होल्टनं चार्ज करते. दोन-अडीच व्होल्टनं काय होतंय? सांगतो. पट्टीवर तीन-तीन एलईडींचा गट असतो आणि प्रत्येक गटाला एक छोटा काळा रेझिस्टर. निळा एलईडी साधारण ३.२ व्होल्ट खातो, तिघांचे झाले ९.६. बारातले उरलेले २.४ व्होल्ट रेझिस्टर सोसतो, आणि त्यावर करंट ठरतो. आता १४.४ द्या. एलईडी आपले जवळपास तेवढेच खाणार, सगळा वाढावा रेझिस्टरवर, २.४ चे ४.८ झाले. म्हणजे करंट जवळजवळ दुप्पट. दोन महिन्यांत पट्टीतले तीन-तीन दिवे गटानं मरतात, त्याचं कारण हे. कंपनीला शिव्या घालता, आणि घाला, पण मधे १२ व्होल्टवर बांधून ठेवणारा एक कन्व्हर्टर बसवला असता तर पट्टी टिकली असती.

ओढ किती असते तेही बघा. चांगली दाट पट्टी, मीटरला साठ दिवे, मोठे ५०५० नंबरचे. पांढऱ्या रंगावर मीटरला साधारण १४ वॅट. गाडीला दोन मीटर लावली तर २८-२९ वॅट. तुमच्या ब्रेकलाइटचा साधा बल्ब २१ वॅटचा, तोही फक्त ब्रेक दाबल्यावर. शंभर-सव्वाशे सीसीच्या कित्येक गाड्यांत बॅटरी ३ किंवा ४ अँपिअर-अवरची. इंजिन बंद करून कट्ट्यावर लायटिंग चालू ठेवून बसलात, तर कागदावर सव्वा ते दीड तास, प्रत्यक्षात अर्ध्या तासात सेल्फ नुसता कट कट करतो. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीला ढकलून चालू करता यायचं. आताच्या इंजेक्शनच्या गाडीत बॅटरी पार उतरली तर पेट्रोलचा पंपच फिरत नाही, आणि किक तर कित्येक गाड्यांत कंपनीनंच काढून टाकलेली. मग रात्री अकराला मला फोन.

गळ्यातली वायर कशी गेली आहे हे तपासायला मिस्त्री लागत नाही. गाडी चालू करा, पट्टी पेटवा, हँडल पूर्ण डावीकडं, पूर्ण उजवीकडं, दहा वेळा. कुठं लुकलुकलं, तर तिथं वायर ताणतेय. झिप टाय क्लचच्या केबलला, रेसच्या केबलला किंवा ब्रेकच्या पाइपला बांधलेला दिसला तर आत्ताच्या आत्ता कापा. साध्या काळ्या टेपचा जोड आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात पाघळतो, मग चिकट होऊन सरकतो. जोड डाग देऊन करा आणि वर आकसणारी स्लीव्ह चढवा. इंजिनच्या फिन्सवर आणि सायलेन्सरच्या बेंडजवळ पट्टी लावायचीच नाही. डबल टेपची पट्टी असेल तर जागा स्पिरिटनं पुसून लावा आणि पुढचे तीन दिवस गाडी वॉशिंग सेंटरला नेऊ नका.

आणि ते वायर न कापता तिला चिमटा मारायचं प्लास्टिकचं क्लिप मिळतं ना, निळं किंवा लाल, ते मला दाखवूसुद्धा नका. मूळ हार्नेसची, म्हणजे कंपनीच्या वायरिंगच्या जुडग्यातली, वायर कापली किंवा टोचली की वॉरंटीवाला हात वर करतो, आणि त्याचं चूक नाही.

आता मूळ मुद्दा. चालत्या गाडीवर का नको?

ब्रेकलाइटचा बल्ब हातात घेऊन उजेडात धरा. काचेच्या आत दोन तारा दिसतील, एक पाच वॅटची, एक एकवीसची. पाचची सतत पेटलेली असते, एकवीसची ब्रेक दाबल्यावर. तुमच्या मागं येणारा माणूस दिवा बघत नसतो, तो पाचचे एकवीस झालेले बघतो. तेवढ्यावर त्याचा पाय ब्रेकवर जातो. त्याच्याच खाली तुम्ही लाल पट्टी झळाळत ठेवली, त्यात ती लुकलुकणारी, तर तो फरकच बुडाला. तुम्ही ब्रेक मारलाय हे त्याला कळणार तुमच्या डिकीला टेकल्यावर.

टाकीखालची पट्टी तर तुमचीच शत्रू. रात्री पेठ-सांगली रस्त्यावर जाऊन बघा. मांड्यांमधनं उजेड वर येतो, हेल्मेटच्या काचेवर पसरतो, डोळ्याची बाहुली बारीक होते, आणि पुढचा खड्डा तुम्हाला खड्ड्यात गेल्यावर दिसतो. इंजिनखालची, जमिनीवर नुसता प्रकाश पाडणारी पट्टी त्या मानानं बरी. पण पाऊस पडून गेला की ओला रस्ता आरसा होतो, आणि तो उजेड समोरच्याच्या डोळ्यात जातो.

लाल-निळं चमकणारं तर हात जोडून सांगतो, नको. १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे उतरले. ज्यांचा खरा तोरा होता त्यांचे दिवे काढले, आणि आपल्या पोरांनी दीडशे रुपयांचा फ्लॅशर घेऊन बसवला. मिरजेला दवाखान्यांसाठी सगळ्या जिल्ह्यातनं आणि कर्नाटकातनं पेशंट येतात. रात्री आरशात लाल-निळं चमकलं की माणूस गाडी बाजूला घेतो. चार वेळा बाजूला घेऊन बघतो, तर मागं तुम्ही, भडंगाचा पुडा घेऊन घरी निघालेले. पाचव्या वेळी तो बाजूला घेत नाही, आणि तेव्हा मागं खरोखर ॲम्ब्युलन्स असते.

कायद्याचं दोन ओळींत सांगतो, कारण चौकातल्या मामांनी अडवलं की सगळे "आम्हाला माहीत नव्हतं" म्हणता. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९, त्यातला नियम १०८. पुढच्या बाजूला लाल दिवा दिसता कामा नये आणि मागच्या बाजूला लाल सोडून दुसरा दिसता कामा नये. मागं सूट आहे ती इंडिकेटरला, रिव्हर्सच्या दिव्याला आणि नंबर प्लेटच्या पांढऱ्या दिव्याला. त्या प्लेटचा नंबर रात्री पंधरा मीटरवरनं वाचता आला पाहिजे, म्हणून मी तिच्याभोवती हिरवी-जांभळी चौकट लावत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ मूळ गाडीत मनाला येईल तो बदल करू देत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली परवानगी नसलेल्या दर बदलामागं ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. तुमची पट्टी यात बसते का याचा वाद मामांशी चौकात घालू नका, तिथं कुणी जिंकत नाही.

तुम्ही विचाराल, मग उसाचे ट्रॅक्टर? बरोबर विचारता. पुढं इंजिनाला आठ रंगांचे दिवे, छतावर स्पीकर, गाणी पार सांगलीवाडीपर्यंत ऐकू येतात, आणि मागच्या ट्रॉलीला एक साधा लाल दिवा नाही. नटवायचं तिथं नटवलं, आणि ज्या दिव्यानं कुणाचा तरी जीव वाचेल तो नाही. माझ्याकडं येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला मी पहिल्यांदा मागं बघायला सांगतो. ते चिडतात. पण त्यांचं चुकतं म्हणून तुमचं बरोबर ठरत नाही, आणि धडक झाली तर ट्रॉलीला खरचटतही नाही.

आता मी काय करून देतो ते सांगतो, नुसतं नाही-नाही म्हणून दुकान चालत नाही. गिअरच्या गाडीत न्यूट्रलचा एक स्विच असतो. गाडी न्यूट्रलला आली की तो वायर अर्थ करतो आणि मीटरवर हिरवा दिवा लागतो. मी पट्टीला एक चार पिनांचा रिले, म्हणजे करंटवर चालणारा स्विच, बसवतो. त्याच्या तीस नंबरच्या पिनेला बॅटरीकडनं थेट वायर, तिच्यात बॅटरीपासून वितीच्या आत तीन अँपिअरचा फ्यूज. सत्त्याऐंशीवरनं कन्व्हर्टर आणि पुढं पट्टी. शहाऐंशीला इग्निशन, आणि पंच्याऐंशी जातो त्या न्यूट्रलच्या वायरला, मधे करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा एक डायोड. झालं. चावी चालू, गाडी न्यूट्रल, पट्टी पेटली. मित्रांसमोर दाखवा, फोटो काढा, आमराईबाहेर उभी करून मिरवा. पहिला गिअर टाकला की टक्, विझली. लक्षात ठेवायला नको, बटण दाबायला नको. एका पोरानं तर सांगितलं, "मिस्त्री, विझते तेच भारी वाटतं, गाडी कामाला लागल्यासारखी."

ज्या नव्या गाड्यांत न्यूट्रलची वायर थेट ईसीयूला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला, जाते तिथं मी तिला हात लावत नाही. तिथं आणि स्कूटीला साइड स्टँडपाशी वेगळा छोटा स्विच बसवतो. स्टँड खाली असलं तरच पट्टी, स्टँड उचललं की अंधार. सामान आणि मजुरी धरून खर्च वाढतो, हे खरं आहे. समोरचा मिस्त्री दोनशेत करून देतो. मीही एकदा तसंच स्वस्तात करून दिलं होतं, वर सांगितलंच.

माझ्या धंद्यातल्या भावांनो, तुम्हालाही याच पत्रात एक वाक्य. गिऱ्हाईक मागतं म्हणून फ्यूज न टाकता जोड मारू नका. गिऱ्हाइकाला फ्यूज दिसत नाही, त्यामुळं तो मागणार नाही. तो आपणच टाकायचा असतो.

येत्या रविवारी सकाळी नऊ ते एक दुकान फक्त याच कामाला उघडं ठेवतोय. कुठनंही लायटिंग करून घेतलेलं असू दे, बोलणी खावी लागणार नाहीत. गळ्यातली वायर बघून देतो, केबलला बांधलेले टाय कापतो, फ्यूज नसेल तर टाकून देतो. मजुरी नाही, फ्यूज होल्डरचे पैसे तेवढे द्यायचे. रेडियमची लाल पट्टीपण मागच्या मडगार्डला चिकटवून देईन. तिला बॅटरी लागत नाही, वायर लागत नाही, मागच्याचा हेडलाइट पडला की ती आपोआप चमकते. त्यापेक्षा स्वस्त लायटिंग मला माहीत नाही.

हॉर्न देऊन गेलास तो तू, तूही ये. तुझ्या मागच्या मडगार्डची वायर चाकाच्या बाजूनं लोंबतेय. जाताना दिसली मला.

सीट उघडायची चावी वेगळी असेल तर येताना तीही आणा. कित्येक गाड्यांत बॅटरी सीटखाली असते, आणि दर वेळी दोघं-तिघं चावी घरी विसरून येतात.

तुमचा,
शंभर फुटी रोडचा वायरमन मिस्त्री, सांगली